बाबा धरून दोन

कयाकी ओढून आणण्यात काय मोठं, मोटरबोटीला दोर बांधायचा आणि निघायचं, असं धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाटतं. वाटू दे बापडं. एकदा मागे सात कयाकी लावून खाडी ओलांडून दाखवा म्हणावं, मग बोलू. मोटरबोट आपल्या हातात असते, पण मागच्या सात जणी सात डोक्यांच्या. एक डावीकडे ओढते, एक रुसून पाण्यात नाक खुपसते, शेवटची नुसती हेलपाटत येते. जोरात गेलात तर उलटतात. एकदम हळू केलंत तर दोर सैल पडतो आणि सैल पडलेला दोर नेमका मशीनच्या पंख्यात जातो. बावीस वर्षं मी हे काम करतेय. त्या मंगळवारपर्यंत माझा दोर एकदाही पंख्यात गेला नव्हता.

धक्क्यावर मला सगळे ठिणगी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मला ठाऊक आहे. आणि खोटं कशाला बोलू, नाव अगदीच चुकीचं नाही.

आमचा धंदा साधा आहे. सकाळी वारा पाठीशी असतो, तेव्हा पाहुणे आमच्या कयाकी घेऊन खाडीपलीकडच्या वाळूच्या टोकाला जातात. तिथे आमची एक शेड आहे, एक बाकडं आहे. दिवसभर डुंबतात, डबे खातात, फोटो काढतात. तीन वाजेपर्यंत वारा इतका वाढतो की त्याच्या तोंडावर वल्हवत परत येणं नवख्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. मग माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मोठी लाँच घेऊन येतो आणि पाहुण्यांना घेऊन जातो. मी माझ्या मोटरबोटीने रिकाम्या कयाकी ओढून आणते. माणसं त्याच्याकडे, होड्या माझ्याकडे. आणि माझ्याबरोबर बाबा.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. होड्या बांधणारे मिस्त्री. हात अजून चालतात, डोकं मात्र तीन वर्षांपासून दगा द्यायला लागलंय. कधी सगळं लख्ख, कधी आईला हाका मारतात, आणि आईला जाऊन चार वर्षं झाली. पण मोटरबोटीत मागच्या खोक्यावर कयाकींकडे तोंड करून बसवलं की बाबा अगदी पहिल्यासारखे. माझं लक्ष समोर, त्यांचं मागे. एखादी कयाक वेडंवाकडं वागायला लागली की ते नुसता हात वर करायचे आणि मी समजून जायचे. माझे मागचे डोळे म्हणजे बाबा.

आकड्याचा नियमही त्यांचाच. फार वर्षांपूर्वी एक पाहुणे टोकावरच्या शेडमधल्या संडासात राहून गेले होते आणि त्यांच्या बायकोला धक्क्यावर पोचेपर्यंत पत्ता नव्हता. तेव्हापासून निघायच्या आधी दोन्ही बोटींनी आपापली डोकी मोजून एकमेकींना ओरडून सांगायची. दादा ओरडणार, "अकरा!" मी ओरडणार, "बाबा धरून दोन!" मग मशीन चालू. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. वाटू दे.

त्या मंगळवारी आम्ही ओरडलो नाही. कारण आमचा अबोला होता.

झालं असं, की सकाळी चहा पिताना दादा म्हणाला, "बाबांना आता पाण्यावर न्यायचं नाही."

"का? काय केलं त्यांनी?"

"परवा धक्क्याच्या पायरीवरून सरळ पाण्यात पाय टाकत होते. तुझं लक्ष समोर असतं, ते मागे बसतात. ते होड्यांवर लक्ष ठेवतात, त्यांच्यावर कोण ठेवणार?"

बरोबर होतं त्याचं. म्हणूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, त्यांना घरात कोंडून जिवंतपणी मारायचंय का? मी आहे ना समर्थ! तू आजवर त्यांच्या पायाला तेल तरी लावलंस का? तो म्हणाला, तुझं हे नेहमीचंच, सगळं कर्तृत्व तुझं एकटीचं. वहिनीने मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर आम्ही दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. आणि ज्यांच्यावरून हे सगळं चाललं होतं ते बाबा शांतपणे चहात बिस्कीट बुडवत होते. कानातलं मशीन टेबलावर काढून ठेवलेलं.

आमच्या घरात अबोला अगदी साग्रसंगीत पाळला जातो. निरोप वहिनीमार्फत. "त्याला सांग, पेट्रोलचा डबा हलवायचाय." "तिला सांग, हलवला." पन्नाशीच्या घरातली दोन माणसं आम्ही. सांगायलाही लाज वाटते.

दुपारी तीनला टोकावर नेहमीचीच गडबड. दहा पाहुणे, ओले टॉवेल, कुणाची एक चप्पल सापडत नव्हती. भरती नुकतीच पुरी झाली होती, पाणी वाळूत वरपर्यंत आलेलं. दादा लाँचवर पाहुण्यांना हात देऊन चढवत होता. बाबा माझ्या शेजारी उभे होते, डोक्यावर त्यांची ती खाकी टोपी. ते सवयीने माझ्या मोटरबोटीकडे निघाले.

आणि मी त्यांना अडवलं. का? तर सकाळचं डोक्यातून गेलं नव्हतं म्हणून. मी म्हटलं, "आज दादाबरोबर जा. त्याला फार काळजी आहे ना तुमची, करू दे एक दिवस."

त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. टोकावर वारा कानात शिट्ट्या मारतो म्हणून ते तिथे मशीन काढूनच ठेवतात. मी लाँचकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि निघाले. मी त्यांची पाठ लाँचच्या दिशेने जाताना पाहिली आणि शेडला कुलूप लावायला वळले. आत, संडासातही नजर टाकली, कुणी नव्हतं. कुलूप लावून बाहेर आले तोवर लाँच सुटली होती. दादा वळून माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं. तो ओरडला नाही. मग मी कशाला ओरडू?

आता कयाकी बांधायच्या. सहा प्लॅस्टिकच्या आणि सातवी म्हातारी. म्हातारी म्हणजे बाबांनी लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली दोन माणसांची कयाक. दादा आणि मी लहान असताना आमच्यासाठीच केलेली. रुंद, मोठ्या तोंडाची, दोघं ऐसपैस बसतील अशी. पाहुण्यांना फोटोसाठी तीच हवी असते. ओढून नेताना लाटा आत येऊ नयेत म्हणून प्रत्येक कयाकीचं तोंड झाकायचं असतं. प्लॅस्टिकच्यांना घट्ट झाकणं आहेत, म्हातारीला ताडपत्री आणि कडेने आकडे. पाहुण्यांची जॅकेटंही म्हातारीतच टाकायची.

मी तिच्यापाशी गेले तर ताडपत्री आधीच पांघरलेली. एका बाजूचे आकडे लावलेले, दुसरी बाजू नुसती आत खोचलेली. मला वाटलं, दादाने घातली. म्हटलं, चला, बोलत नाही पण काम तरी करतोय, तेही अर्धवट. मी उरलेले आकडे ओढून ओढून लावले. रागात होते, त्यामुळे चांगले घट्ट लावले. ताडपत्री मध्ये थोडी फुगली होती. जॅकेटं असतातच आत.

जड होडी पुढे, हलकी मागे, असा बाबांचा नियम. म्हणजे म्हातारी पहिली. पण ती पार कडेला तरंगत होती आणि मला घाई होती. मी तिला शेवटी लावली आणि सुटकेची दोरी तिच्या गाठीला जोडली. ही सुटकेची दोरी म्हणजे बाबांची युक्ती. शेवटच्या कयाकीची गाठ एका झटक्यात सुटणारी मारायची आणि तिची बारीक दोरी बाकी सगळ्यांच्या कडेने पार मोटरबोटीपर्यंत आणायची. खाडीच्या मध्यावर शेवटची कयाक पाण्याने भरली आणि बाकीच्यांना ओढायला लागली, तर मागे जायचं नाही. इथूनच दोरी खेचायची, ती सुटते. सुटलेली कयाक वाहत जाऊन मधल्या वाळूच्या दांड्यावर लागते, संध्याकाळी जाऊन आणायची. वर्षातून पाच-सहा वेळा तरी आम्ही असं करतो. त्यात काही विशेष नाही.

निम्म्या खाडीत आले आणि लाटा आडव्या यायला लागल्या. मशीन कुंथत होतं. नेहमीच्या वेगाला जेवढी मूठ पिळावी लागते त्याहून जास्त पिळावी लागत होती. मागे वळून पाहिलं तर म्हातारी खाली बसलेली, कडा जेमतेम पाण्यावर. ती आडवी गेली की तिच्या पुढची दोन माणसांची पिवळी कयाक कलत होती. मागे खोक्यावर बाबा असते तर त्यांनी केव्हाच हात वर केला असता. मी मनात म्हटलं, शिवण उकललेली दिसतेय म्हातारीची, भरली पाण्याने. अजून पाच मिनिटं पाहिलं. पिवळी एकदा उलटता उलटता वाचली.

मी सुटकेची दोरी हाताला गुंडाळली आणि खेचली. गाठ छान सुटली. मशीन हलकं झालं, सहाही कयाकी सरळ झाल्या, आणि मला बरं वाटलं. हे मला सांगायलाच हवं. मला बरं वाटलं होतं.

पुढे सात-आठ मिनिटांनी गळ्यातल्या पिशवीतला फोन वाजला. वहिनी.

"वन्सं, हे विचारतायत, बाबांनी जॅकेट घातलंय ना? वारा फार आहे म्हणून. तुम्ही बोलत नाही ना एकमेकांशी, म्हणून मला विचारायला लावलं."

"त्यालाच बघ म्हणावं. त्याच्याबरोबरच आहेत ना बाबा."

"कुणाबरोबर?"

"दादाबरोबर. लाँचवर."

वहिनीने फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारलं, ते मला ऐकू आलं. मग ती म्हणाली, "वन्सं, लाँच रिकामी झाली. बाबा नाहीत. हे म्हणतायत ते नेहमीसारखे तुमच्याकडेच येत होते."

मी टोकाकडे पाहिलं. बाकडं दिसत होतं, रिकामं. वाळू रिकामी. शेडला मी स्वतः आत बघून कुलूप लावलेलं. टोकावर लपायला एक झुडूप नाही.

मग मला ताडपत्री आठवली. ती दादाने घातली नव्हती. दादा सगळा वेळ लाँचवर होता, मी त्याला बघत होते. बाबा लाँचकडे गेले, तिथली गर्दी पाहिली, आणि वळून आपल्या होडीत गेले. दुपारची त्यांची झोपायची वेळ. ऊन लागतं म्हणून त्यांनी ताडपत्री ओढून घेतली, आतून हात घालून जमतील तेवढे आकडे लावले. मिस्त्रीच ते, अर्धवट ठेवणार नाहीत, हात पोचेल तेवढं केलं. उरलेले मी लावले. माझ्या हाताने, वरून, घट्ट.

"वहिनी," मी म्हणाले, "बाबा म्हातारीत आहेत. ताडपत्रीखाली. मी तिला मध्येच सोडलीय. दादाला सांग लाँच काढ. खाडीच्या तोंडाकडे ये म्हणावं."

"दांड्यावर लागेल ना ती?"

"दांडा पाण्याखाली आहे अजून. ओहोटी आत्ता लागलीय."

म्हणजे म्हातारी दांड्यावरून सरकत जाणार आणि पुढे खाडीचं तोंड, तोंडाबाहेर समुद्र. सोडताना रागाच्या भरात मी भरतीचा विचारच केला नव्हता. वहिनी एकदम रडायला लागली. मी फोन बंद केला.

आणि मग मी ते केलं. बावीस वर्षं ज्याला त्याला जे करू नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच. मूठ एकदम सोडली, सुकाणू पार वळवलं आणि मागे सहा कयाकी असताना जागच्या जागी फिरले. दोर सैल पडला. मला दिसत होता सैल पडलेला, तरी मी पुन्हा मूठ पिळली. खाडकन आवाज आला आणि मशीन बंद. पंख्याला दोराचे आठ-दहा वेढे. मशीन वर उचललं, सुरी काढली, कापायला लागले. ओला नायलॉन, दगडासारखा आवळलेला. सुरी घसरून बोटात गेली. सहाही कयाकी एकमेकींवर आदळत माझ्याभोवती गोळा झाल्या. मी मोठमोठ्याने शिव्या देत होते. दोराला, दादाला, बाबांना, आणि मग मला स्वतःला, त्या सगळ्यांत वाईट.

दोन मिनिटं गेली असतील. वर पाहिलं तर म्हातारी एवढीशी काळी रेघ झालेली. सुरी टाकून दिली. नांगर पाण्यात टाकला. एका लाल कयाकीचं झाकण फाडून काढलं, तिचा दोर सोडला, मोटरबोटीतलं एक वल्हं घेतलं आणि आत बसले. उजवा खांदा गेली दोन वर्षं धरलेला आहे, कपाटातला वरचा डबा काढता येत नाही मला. त्या दिवशी खांद्याला विचारलंच नाही.

वल्हवताना माणूस विचार करत नाही असं म्हणतात. साफ खोटं. प्रत्येक वल्ह्यामागे एक विचार. ते जागे झाले असतील का? वर ताडपत्री, खाली पाणी. कानात मशीन नाही, माझी हाक जाणार नाही. आत दहा जॅकेटं आहेत, पण अंगात एकही नाही. होडी भरली तर ती पुरती बुडत नाही, लाकूड आहे, तरंगत राहते पाण्याच्या पातळीला. पण ताडपत्रीही त्याच पातळीला. देवा, ते आकडे. एक तरी सैल राहिला असू दे. मी घट्ट लावते सगळं, माझी खोडच आहे, आज एक तरी चुकला असू दे. असं मी मोठ्याने म्हणत होते, एक एक वल्ह्याला एक एक आकडा.

म्हातारीपाशी पोचले तेव्हा ती तोंडापासून फार लांब नव्हती. बाहेरच्या मोठ्या लाटांचा आवाज येत होता. तिची कडा पाण्याला टेकायला चार बोटं उरलेली. ताडपत्री सपाट, हलत नव्हती. मी माझी कयाक तिला लावली, हात टाकून तिची कडा धरली आणि ताडपत्रीवर थापट्या मारल्या. काही नाही. पहिला आकडा निघेना. बोटाचं रक्त लागून घसरत होता. दातांनी ओढला. दुसरा. तिसरा. ताडपत्री मागे टाकली.

बाबा जॅकेटांच्या ढिगावर कुशीवर पडले होते. कमरेपर्यंत पाणी. डोळे उघडे. एक हात खाली होडीच्या अंगाला दाबून धरलेला, अख्ख्या शरीराचा भार त्या हातावर. डोक्यावर टोपी नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने, जरा थांबा, अशी खूण केली. कामात असले की करतात तशी.

"इथली जोड सुटलीय," ते म्हणाले. "टोपी कोंबलीय. हात काढला की भरेल."

तासभर तरी झाला असेल. तासभर हा म्हातारा माणूस अंधारात, गार पाण्यात, एका हाताने होडी तरंगती ठेवत होता. ताडपत्री उघडायचा प्रयत्नही त्यांनी केला नसणार, कारण त्यासाठी हात काढावा लागला असता.

"बाबा," मी ओरडले. "मी आहे, बाबा!"

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. पाहुण्यांशी बोलतात तसं अदबीने म्हणाले, "बाई, एवढं एक काम करा. पुढे मोटरबोटीत माझी मुलगी आहे. तिला हाक मारून सांगा, जरा हळू ओढ म्हणावं. मागे मी आहे."

मी पुढे पाहिलं. पुढे नुसतं पाणी होतं. माझी मोटरबोट मैलभर मागे नांगरावर उभी, भोवती त्या पाच कयाकी.

"सांगते," मी म्हणाले.

"तापट आहे, पण ऐकते."

मी रडायला लागले. बाबांना वाटलं मला पाण्याची भीती वाटतेय. ते समजुतीने म्हणाले, "घाबरू नका हो. ती सोडायची नाही आपल्याला."

मी त्यांच्या अंगात कसंबसं एक जॅकेट अडकवलं. आसनाखाली बांधलेला कापलेला डबा असतो, त्याने पाणी उपसायला लागले. डाव्या हाताने दोन्ही होड्या एकत्र धरायच्या, उजव्याने उपसायचं. एक डबा काढला की अर्धा परत येत होता, पण कडा वर यायला लागली. लाँचचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता, पण वळून बघायची हिंमत नव्हती. आवाज दुसरीकडे गेला तर काय, अशी भीती.

मग आवाज कमी झाला आणि वाऱ्यावर दादाची हाक आली. सकाळपासून तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"किती?"

मी डबा टाकला. घशात होतं नव्हतं ते सगळं एकवटलं.

"दोन!" मी ओरडले. "बाबा धरून दोन!"

दादा लाँचच्या तोंडावर उभा होता तो तिथेच खाली बसला.

बाबांना वर घेतलं, कोरडं पांघरूण गुंडाळलं. ते कुडकुडत होते, पण टोपी राहिली खाली म्हणून कुरकुर चालली होती, त्यावरून माझा जीव भांड्यात पडला. म्हातारीला लाँचला बांधताना दादाने तिच्या नाकाचा दोर हातात घेतला. तुटलेला नव्हता. शेवट अगदी स्वच्छ.

"गाठ सुटली?" त्याने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. फोनवर मी वहिनीला खरं सांगितलं होतं, पण रडत रडत तिने दादाला एवढंच सांगितलं असणार, की बाबा म्हातारीत आहेत आणि ती वाहत चाललीय. बाबांना तर काहीच कळलं नव्हतं.

"सुटली नाही," मी म्हणाले. "मी सोडली. भार लागत होता म्हणून सोडली. आणि वरचे आकडेही मीच लावले. आणि लाँचवर जा म्हणून मीच पाठवलं होतं त्यांना, तुझ्यावरचा राग म्हणून."

मला वाटलं आता तो फाडून खाणार. खायलाच हवं होतं. तो त्या दोराचं टोक बोटांत फिरवत राहिला.

"निघताना मी वळून पाहिलं," तो म्हणाला. "तू एकटीच दिसलीस. म्हटलं, बाबा खाली वाकले असतील. ओरडून विचारावं असं मनात आलं होतं गं. मग म्हटलं, आधी तिला बोलू दे."

परतीच्या वाटेवर बाबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. मध्येच दादाकडे वळून विचारलं, "होड्या सगळ्या आल्या का?"

"आल्या, बाबा," दादा म्हणाला. मी दुसरीकडे तोंड केलं.

रात्री जेवताना मीच म्हणाले, की बाबा उद्यापासून पाण्यावर नाहीत. वहिनीने माझ्या ताटात न विचारता वाढलं. कुणी "मी म्हणत होतो" असं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर बरं, मला भांडता तरी आलं असतं.

आता बाबा दिवसभर धक्क्यावरच्या खोलीत म्हातारीची जोड दुरुस्त करत बसतात. झाली की पुन्हा उकलतात, पुन्हा करतात. वहिनी त्यांच्यावर लक्ष ठेवते. ती सांगते, तीन वाजले की ते खिडकीशी येऊन उभे राहतात आणि मी येईपर्यंत हलत नाहीत. कधी मला ओळखतात, कधी म्हणतात, "बाई, माझ्या मुलीला सांगितलंत ना?"

टोकावर दादा लाँच सोडायच्या आधी ओरडतो, "नऊ!" कधी "अकरा!" जितके असतील तितके. मग तो थांबतो. पूर्वी थांबायचा नाही. मी ओरडते, "एक!" तेवढ्या एका शब्दाला मला फार जोर लावावा लागतो. मग सहाही कयाकींची झाकणं काढते, प्रत्येकीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपते, पुन्हा झाकणं लावते. पाहुणे लाँचवरून बघतात आणि हसतात.

मशीन चालू केलं की मागचं खोकं थरथरतं. त्याच्यावर आता पेट्रोलचा डबा ठेवलाय. मी हळू ओढते. मागे कुणी नसतं, तरी हळूच ओढते.